अठ्ठावन्नपर्यंत कोण थांबतं?

संध्याकाळी सहाच्या आसपास होसूर रस्त्यावर, बोम्मनहळ्ळीच्या फुटपाथवर उभं राहिलं की बंगळूर दोन मजल्यांवरून घरी जाताना दिसतं. वर इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारा जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा उड्डाणमार्ग, आणि शेजारी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मेट्रो. खाली धूळ, रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि शिलाई कारखान्यांच्या फाटकांतून एकदम बाहेर पडणाऱ्या शेकडो बायका. हातात डब्याची पिशवी आणि पायांना अशी घाई, की रेंगाळणाऱ्याने आपण होऊन कडेला व्हावं. वरच्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं, खालच्यांच्याही असतं. दोघांच्या पगारातून एकाच कायद्याने पैसे कापले जातात, आणि दोघांच्या नावावर यूएएन नावाचा बारा आकडी क्रमांक असतो. दोघांनी त्या पैशासाठी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थांबावं अशी सरकारची अपेक्षा आहे.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘साठवण’ हा विषय दिला. लोणची, बियाणं, पाणी यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला आठवला तो प्रॉव्हिडंट फंड, आपल्याकडे नुसता ‘फंड’. गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांनी कोकणातलं वा घाटावरचं घर फंडाच्या पैशातून बांधलं, मुलीचं लग्न फंडातून केलं. आमच्याही घरात ‘बाबांचा फंड’ हे शब्द ठेवणीतल्या दागिन्यांबद्दल बोलावं तसे, आवाज खाली आणून उच्चारले जायचे. तो फंड आज कसा चालतो हे पाहायला मी बंगळूरला गेले. कारण या फंडापायी देशातलं अलीकडचं सगळ्यात मोठं आंदोलन याच रस्त्यावर झालं आणि ते बायकांनी केलं.

दोन दिवसांचा एप्रिल

१० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. तोवरचा नियम असा होता, की नोकरी सोडून दोन महिने बेकार राहिलं की खात्यातलं सगळं काढता यायचं : आपला हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि दोन्हींवरचं व्याज. नवा नियम म्हणाला, आपला हिस्सा घ्या. मालकाचा मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीच मिळेल. दिल्लीतल्या टेबलावर यात वावगं काही नव्हतं. म्हातारपणासाठी काढलेली योजना, पैसा म्हातारपणीच मिळावा, इतकं सरळ.

बंगळूरच्या शिलाई कारखान्यांत त्या काळी सुमारे पाच लाख माणसं काम करत होती, त्यांत बायकाच फार. महिन्याचा पगार सहा-सात हजारांच्या घरात. बातमी कारखान्या-कारखान्यांतून फिरत राहिली आणि १८ एप्रिलला, सोमवारी, बोम्मनहळ्ळीतल्या बायका मशीन सोडून होसूर रस्त्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीची वाट तासन्‌तास अडली. मंगळवारी हे लोण पीण्या, जालहळ्ळी क्रॉस, म्हैसूर रस्ता आणि हेब्बगोडीपर्यंत गेलं. दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर सगळं झालं, बस जळल्या, हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यातली वाहनं पेटवली गेली. सरकारने आधी ३१ जुलैपर्यंत स्थगिती जाहीर केली. ती रस्त्यावर कुणाला पटली नाही. त्याच संध्याकाळी केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना रद्द केल्याचं सांगितलं.

या बायकांच्या पुढे कुठला नेता नव्हता. शहरात कामगार संघटना आहेत, पण बहुतेक बायका कुठल्याच संघटनेच्या सभासद नव्हत्या. बोलणी करायची तर बोलवायचं कुणाला, इथून सरकारची अडचण सुरू झाली असणार.

त्याच वर्षी फंडाच्या बाबतीत सरकारने आणखी दोनदा माघार घेतली. २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी फंडातून काढलेल्या रकमेच्या ६० टक्क्यांवर कर लावायचं ठरवलं होतं. पगारदार मध्यमवर्ग ट्विटरवर आणि टीव्हीच्या चर्चांमधून असा काही तुटून पडला, की ८ मार्चला तो प्रस्ताव मागे आला. एप्रिलच्या शेवटी ८.७ टक्के व्याजाचा निर्णयही बदलला आणि पुन्हा ८.८ टक्के झाले. वरच्या मजल्यावरचं म्हणणं आठवड्याभरात, घरबसल्या ऐकलं गेलं. खालच्या मजल्याला त्यासाठी महामार्ग अडवावा लागला आणि लाठ्या खाव्या लागल्या.

त्या वेळी एक सूर असाही निघाला होता, की या बायकांना दूरचं दिसत नाही, आजच्या खर्चासाठी उद्याची पुंजी मोडतात. हा सूर मला तेव्हाही खटकला होता. बोम्मनहळ्ळीच्या गल्ल्यांत फिरल्यावर तो अधिकच खटकला. विशीत मशीनवर बसलेली बाई चाळिशीला पोचेपर्यंत तिचे डोळे, मान आणि कंबर तासाचं टार्गेट पुरं करू देत नाहीत. मग तिला हेल्पर करतात, धागे कापायला बसवतात, नाहीतर ती आपण होऊन जाते. “अठ्ठावन्नची बाई लाइनवर बसलेली दाखवा, मी तिच्या पाया पडते,” असं गारवेभावीपाळ्यात मला एक रायचूरकडची बाई तोडक्या हिंदीत म्हणाली. तिचं स्वतःचं वय एकेचाळीस. कारखाना सोडून तिला तीन वर्षं झाली आहेत, आता ती दोन घरी स्वयंपाक करते.

बाराचे तुकडे

हा पैसा फिरतो कसा? हिशोबाच्या सोयीसाठी एखादीचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये धरू. तिच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकही १,४४० घालतो. बहुतेकींना वाटतं की हे २,८८० आपल्या खात्यात पडले. तसं होत नाही. मालकाच्या बारामधले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे हजार रुपये, १९९५ च्या पेन्शन योजनेकडे वळतात. तो सगळ्यांचा सामाईक हंडा आहे, त्यात कुणाच्या नावाचं खातं नाही आणि त्यावर कुणाला व्याज मिळत नाही. तिच्या स्वतःच्या खात्यात मालकाकडून उरतात ४४० रुपये. म्हणजे महिन्याला जमा १,८८०. शिवाय मालक अर्धा टक्का विम्यासाठी आणि अर्धा टक्का कारभारखर्चासाठी भरतो, ते पासबुकात दिसत नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हे सगळं चलन ऑनलाइन भरायचं असतं.

त्या विम्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मी जिला जिला विचारलं तिला तो ठाऊक नव्हता. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना या योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला किंवा विधुराला आणि दोन मुलांना पेन्शन लागू होतं. कापलेल्या पैशाचा हा सगळ्यात चांगला उपयोग. कारखान्याच्या भिंतीवर टार्गेटचा फळा असतो, याचा एक कागदसुद्धा मला दिसला नाही.

खात्यातली रक्कम फंड सांभाळणारी केंद्राची भविष्य निधी संघटना मुख्यतः सरकारी रोखे आणि कर्जरोख्यांत गुंतवते. २०१५ पासून थोडा भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांत जातो, नव्या पैशाच्या १५ टक्क्यांपर्यंत. व्याजदर दरवर्षी केंद्रीय विश्वस्त मंडळ ठरवतं आणि अर्थखातं त्यावर शिक्का मारतं. २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता. मोठ्या बँकांतली साधी ठेव याच्या जवळ येत नाही. विशीत लागलेली मुलगी याच १,८८० रुपयांनी, या व्याजाने, एकदाही हात न लावता अठ्ठावन्नपर्यंत गेली तर कागदावर पन्नास लाखांच्या पुढचा आकडा येतो. सरकारी अधिकारी हा आकडा मोठ्या प्रेमाने मांडतात. त्यांची गणितात चूक नाही, चूक त्या ‘एकदाही हात न लावता’मध्ये आहे.

कारण ज्या कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून हे रचलं गेलं तो वेगळा होता. नोव्हेंबर १९५१ मध्ये अध्यादेश निघाला, १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, इंजिनीयरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड एवढे सहाच उद्योग त्यात होते. पोरवयात बदली कामगार म्हणून गिरणीत शिरलेला आणि त्याच गिरणीच्या दारातून म्हातारा होऊन बाहेर पडणारा माणूस तेव्हा खरोखरच होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये तर जमशेटजी टाटांनी १८८६ मध्येच पेन्शन फंड सुरू केला होता. आता वीस माणसांची कुठलीही आस्थापना या कायद्याखाली येते, पण ‘एक माणूस, एक गिरणी, एक आयुष्य’ हा नकाशा काही बदललेला नाही.

दोन महिन्यांची सुट्टी

शिलाई कारखान्यातली बाई फंडाकडे कशी पाहते? जून आला की शाळेची फी. घराचं भाडं बदललं की दहा महिन्यांचं डिपॉझिट, ही बंगळूरची खास रीत. नवऱ्याचं आजारपण, गावाकडच्या घराचं छप्पर, बचत गटाचा वा मायक्रोफायनान्सचा हप्ता. बँकेतून कर्ज मिळत नाही, सावकाराचा दर परवडत नाही. हातात एकगठ्ठा रक्कम येण्याची वाट एकच, नोकरी सोडणं. म्हणून ती राजीनामा देते, दोन महिने घरी बसते किंवा नोंदणी नसलेल्या छोट्या जॉबवर्कच्या खोलीत रोजाने शिवते, पैसे उचलते आणि शेजारच्या कारखान्यात नव्याने रुजू होते. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीला या दोन महिन्यांतून सूट होती. ती सूट किती जणींनी खऱ्या लग्नासाठी घेतली, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

मालकांनाही हे चक्र सोयीचं पडतं. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी द्यावी लागते. तीन-चार वर्षांत बाई स्वतःच उठून गेली आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आली, तर कुणाला दुःख? बाईचं मात्र दर वेळी थोडं जातं. पाच वर्षांच्या आत पन्नास हजारांहून जास्त काढले आणि पॅन वगैरे जोडलेलं नसलं तर करकपातही मोठी होते.

२०१८ च्या अखेरीस नियम थोडा सैल झाला : महिनाभर बेकार राहिल्यावर ७५ टक्के, दोन महिन्यांनी उरलेलं. कोविडमध्ये, मार्च २०२० च्या अखेरीस, तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या ७५ टक्के यांतलं जे कमी असेल ते परत न भरण्याच्या बोलीवर काढायची मुभा मिळाली. त्या उन्हाळ्यात कारखाने बंद होते. म्हातारपणाच्या या पैशाने कितीतरी घरांचं रेशन भरलं आणि भाडी चुकवली.

काचेवरचं दरपत्रक

गारवेभावीपाळ्यातल्या एका गल्लीत झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज आणि ‘पीएफ काम’ करणारं एक दुकान आहे. चालवणारा मुलगा खानापूर तालुक्यातला. माझं हिंदी ऐकून त्याने सरळ मराठीत विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मग स्टूल पुढे आलं आणि चहाही.

देशाची निवृत्तीव्यवस्था अशा काउंटरांवर चालते. कायद्याप्रमाणे सगळं फुकट आहे, घरबसल्या आहे, मोबाइलवर आहे. पण बाईचा मोबाइल नवऱ्याकडे असतो, ओटीपी येतो तो दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या नंबरावर, आणि अर्ज इंग्रजीत. हा मुलगा एका क्लेमचे दीडशे रुपये घेतो. टक्केवारीने काम करणारे एजंटही या भागात आहेत, त्यांच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज चढतो.

“हितं बघा,” म्हणून त्याने स्क्रीन वळवला. आधारवर नाव भाग्यलक्ष्मी. कारखान्याच्या कारकुनाने आठ वर्षांपूर्वी लिहिलेलं लक्ष्मी बी. आधारवर जन्मतारीख अंदाजे १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर जून. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव. “मी ह्या एका बाईचा फॉर्म चारदा भरलो. चारदा परत आला. दर बारीला कारण नवं.” नाव दुरुस्त करायचं तर जॉइंट डिक्लेरेशन लागायचं, त्यावर मालकाची सही. तो कारखाना बंद पडलेला असला की सही कोण करणार? नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही म्हणून अडकलेले तर ढिगाने. २०२० पासून ती तारीख कामगाराला स्वतः टाकता येते, पण हे माहीत असणाऱ्यांत बहुधा दुकानवालेच आहेत.

हे एका गल्लीचं गाऱ्हाणं नव्हे. २०२२-२३ मध्ये अंतिम रकमेसाठी आलेल्या अर्जांपैकी साधारण एक तृतीयांश अर्ज नाकारले गेले होते. त्यानंतर व्यवस्था बरीच सुधारली हेही खरं. छोट्या रकमेच्या उचलीचे अर्ज आता माणसाच्या हाताविना, संगणकच निकाली काढतो, आणि त्याची मर्यादा २०२४ मध्ये एक लाख, २०२५ मध्ये पाच लाख झाली. कागद जुळणाऱ्याचं काम तीन दिवसांत होतं. न जुळणाऱ्याचं होतं तिथेच राहतं, आणि कागद कुणाचे जुळत नाहीत ते वर आलंच आहे.

या दुकानात मला एक बारकावा कळला, जो कुठल्या माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पेन्शनच्या हंड्यातलाही काही पैसा परत मिळतो. दहा वर्षं भरली की तो मार्ग बंद, मग पेन्शनच घ्यायचं, तेही पन्नाशीच्या पुढे. आणि साडेनऊ वर्षं म्हणजे दहा धरतात. “नऊ वर्षं चार महिने झालेली बाई आली ना, की मी तिला आधी बसवतो आणि विचारतो, तुला पेन्शन पायजे का रोख पायजे?” बहुतेकींचं उत्तर काय असतं, असं मी विचारलं. “रोख. पेन्शन म्हणजे किती ते सांगितलं की रोखच.”

शिलाईवाल्यांपेक्षाही वाईट गत टेक पार्कमधल्या सुरक्षारक्षकांची आणि झाडलोट करणाऱ्यांची. त्यांचं फाटक तेच राहतं, ठेकेदार दोन वर्षांनी बदलतो. दर ठेकेदाराबरोबर नवं खातं. बंगळूरच्या खात्याचा क्रमांक ‘बीजीबीएनजी’ने सुरू होतो, पुण्याचा ‘पीयूपीयूएन’ने. एका रक्षकाच्या कागदांत दोन्ही होते आणि यूएएनसुद्धा दोन. हिंजवडीतली दोन वर्षं बंगळूरच्या खात्यात आणायला तो महिनोन्‌महिने खटपट करत होता.

ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नाहीत तर? तो फौजदारी गुन्हा आहे, आणि राजाराम मोहन रॉय रस्त्यावरच्या भविष्य निधी भवनातल्या आयुक्तांना बँक खाती गोठवण्यापासून अटक वॉरंटपर्यंतचे अधिकार आहेत. २०२४ च्या डिसेंबरात बंगळूरच्या के. आर. पुरम कार्यालयाच्या आदेशावरून एका नामवंत माजी क्रिकेटपटूविरुद्ध असंच वॉरंट निघालं होतं. एका कपडे कंपनीने कापलेले सुमारे २३ लाख रुपये भरले नव्हते, आणि ते कंपनीचे संचालक होते असं कार्यालयाचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाने पुढे त्याला स्थगिती दिली. त्या आठवड्यात शहरातल्या कितीतरी लहान कंपन्यांनी आपली चलनं घाईने तपासली असतील. पण रोजच्या कामात तक्रार करायची असते कामगाराने, नोकरीत असताना, त्याच मालकाविरुद्ध.

अठराशेची मंडळी

वरच्या मजल्याचं पाहणं थोडक्यात उरकते, कारण तिथे गोष्टी मुळात सोप्या आहेत. कायद्याची पगारमर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० झाली आणि पुढे दशकभर हलली नाही. त्यामुळे लाखाचा पगार देणाऱ्या कंपनीलाही पंधरा हजारांवरचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरून मोकळं होता येतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याही एचआरला हा आकडा झोपेत विचारा. बऱ्याच कंपन्या मूळ वेतनावर पूर्ण बारा टक्के भरतात, पण तो ‘मालकाचा हिस्सा’ नेमणूकपत्रातल्या एकूण पॅकेजमध्ये आधीच धरलेला असतो. म्हणजे दोन्ही बारा नोकराच्याच खिशातले. हे कुणी खोटं म्हणत नाही, फक्त मोठ्याने म्हणत नाही.

पगाराचे तुकडे करून मूळ वेतन लहान ठेवायची युक्ती फार जुनी. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ वेतनातच धरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी भत्त्यांना निम्म्याची मर्यादा घातली. निम्म्यावरचे भत्ते वेतनच समजायचे.

मगरपट्ट्यातून बंगळूरला बदलून आलेला एक ओळखीचा मुलगा बारा टक्क्यांवर आणखी स्वेच्छेने भरतो. सरकारी हमीसारखं व्याज, वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या स्वतःच्या वर्गणीवर व्याजाला कर नाही. “यापेक्षा सुरक्षित काय आहे?” असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. कुलूप त्याला आवडतं, कारण त्याच्याजवळ कुलपाबाहेरही पैसे आहेत.

निपाणीचे हजार रुपये

परतीच्या वाटेवर मी निपाणीला उतरले. मराठी वाचकाला हे गाव शरद जोशींच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनामुळे आठवेल. गावाची दुसरी ओळख तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांची. त्यांना प्रा. सुभाष जोशींनी संघटित केलं, छाया दातारांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि दीपा धनराज यांच्या युगांतर गटाने बंगळूरहून येऊन १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. शिलाईतल्या बायकांच्या आधीचा बायकांचा लढा इथे घडला.

विडीकामगारांना फंड लागू झाला तो १९७७ मध्ये. घरी बसून विड्या वळणारी बाई ही कामगारच नव्हे, असा कारखानदारांचा दावा होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि घरच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाईसुद्धा फंडाची हक्कदार ठरली. विडीसाठी दर बाराऐवजी दहा टक्के. एवढं झालं, हे लहान नाही.

आता त्या बायका सत्तरीत आहेत. पेन्शनचं सूत्र असं : शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. शिलाईतली बारा हजारवाली दहा वर्षांनी थांबली तर १,७१४ रुपये. पंधरा हजारांच्या मर्यादेवर वीस वर्षं केलेल्याला चार हजारांच्या वर. विडीच्या मजुरीवर हे सूत्र चालवलं तर काही शे रुपये निघतात, म्हणून २०१४ पासून किमान हजाराची तळरेषा आखली. त्या हजारावर महागाई भत्ता नाही. २०१४ मध्ये त्यात जेवढा किराणा यायचा तेवढा आता येत नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी येईल.

ते हजार रुपये चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, बोट यंत्रावर टेकवून. आयुष्यभर पानं कातरून आणि वळून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले त्यांना यंत्र ओळखत नाही. आता चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. मला भेटलेल्या म्हातारीने नातवाच्या फोनसमोर चेहरा धरला होता. मोतीबिंदूमुळे डोळा मिटेना की उघडेना, पण शेवटी झालं एकदाचं. तिने मला बोटं दाखवली, मग हसून म्हणाली, “पैसं कमी, पण माझ्या नावचं हाय ना.”

या पेन्शनरांची चळवळ महाराष्ट्रातून उभी राहिली. कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण मांडलं. मागणी महिना किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता. भगतसिंह कोश्यारींच्या संसदीय समितीने २०१३ मध्येच ३,००० सुचवले होते. उपोषणाला बसणारे म्हातारे एसटीतून, साखर कारखान्यांतून, सहकारी बँकांतून, गिरण्यांतून आलेले. यांनी फंडाला हात लावला नव्हता. सरकार सांगतं तसे हे लोक अठ्ठावन्नपर्यंत थांबले होते.

चारशे बारा रुपये

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने पुन्हा तोच जुना प्रश्न हातात घेतला. उचलीच्या तेरा गुंतागुंतीच्या तरतुदी तीन सोप्या गटांत आणायच्या, मालकाच्या हिश्शातूनही उचल द्यायची आणि सगळ्यांसाठी बारा महिन्यांची नोकरी पुरेशी धरायची, असे काही चांगले निर्णय झाले. त्याबरोबर ठरलं, की वर्गणीचे २५ टक्के खात्यात राखीव राहतील. नोकरी गेली तर ७५ टक्के लगेच, संपूर्ण रक्कम मात्र दोन नव्हे, बारा महिन्यांनी. पेन्शनच्या हंड्यातला पैसा दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांनी.

समर्थनार्थ कामगार मंत्रालयाने एक आकडा दिला : अंतिम रक्कम घेताना निम्म्या सभासदांच्या खात्यात २०,००० पेक्षा कमी असतात, तीन चतुर्थांश सभासदांच्या खात्यात ५०,००० पेक्षा कमी. मंत्रालयाचा निष्कर्ष असा, की लोक वारंवार काढतात म्हणून साठत नाही. मी हा आकडा आपल्या बारा हजारवालीच्या पासबुकाशेजारी ठेवला. महिन्याला १,८८० म्हणजे वर्षाला २२,५६०. वीस हजार ही तिची वर्षभराची जमासुद्धा नाही. म्हणजे निम्मे लोक म्हातारपणाची पुंजी मोडत नाहीत, वर्षभरही न टिकलेल्या नोकरीचा हिशोब पुरा करून घेतात. त्यांच्या वीस हजारांतले पाच हजार आणखी वर्षभर रोखले तर ८.२५ टक्क्यांनी व्याज होतं ४१२ रुपये. त्याच वर्षात तेच पाच हजार तिने मायक्रोफायनान्सकडून घेतले तर व्याज याच्या दुपटीहून जास्त जातं, आणि हप्ता चुकला की दारात माणूस उभा.

कुलूप असू नये असं माझं म्हणणं नाही. बुलढाण्याच्या मंडपातल्या माणसांकडे पाहिल्यावर ते म्हणताही येणार नाही. पण ज्या बाईला आजारपणासाठी सुट्टी नाही, फीसाठी उसने नाहीत आणि अठ्ठावन्नपर्यंत काम नाही, तिच्याकडे असलेल्या एकुलत्या एक पेटीला कुलूप लावताना आधी पेटीत काही पडेल असा पगार द्यावा लागतो. तेवढं २०१६ मध्येही कुणी बोललं नव्हतं. तेव्हा अधिसूचना मागे घेतली गेली, पगार होता तिथेच राहिला.

खानापूरच्या मुलाच्या दुकानात या नव्या बातमीने गर्दी वाढली होती. काय बदललं, केव्हापासून, आमचं आत्ताच काढून घेऊ का, असं विचारायला बायका सुटीच्या वेळी येत आणि प्रत्येकीला समजावताना त्याचं दुसरं काम अडे. तो कंटाळला. काचेवरच्या दरपत्रकाखाली, यूएएन, केवायसी, क्लेम, पासबुक प्रिंट या ओळींच्या खाली, त्याने मार्करने कन्नडात आणि हिंदीत लिहून टाकलं : ७५ टक्क्यांची चौकशी दहा रुपये.